नवी कॅम्पर व्हॅन ऑर्डर करायला निघालात? आधी वजनाचा तक्ता मागा

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडचं जोडपं. बाई अठ्ठावन्न वर्षांच्या, यजमान बासष्टचे, नुकतेच निवृत्त. येत्या शनिवारी चाकणजवळच्या एका कारखान्यात फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेल्या नव्या कॅम्पर व्हॅनची ऑर्डर द्यायला निघालेत. पावसाळ्यात कोकण, थंडीत राजस्थान, मे महिन्यात दोन नातवंडं सोबत, असा बेत आहे. यजमानांचे गुडघे दुखतात. एसी हवा आहे आणि तो रात्रभर बॅटरीवर चालेल असं विक्रेत्यानं सांगितलंय. महिनाअखेरीच्या आत निम्मी रक्कम भरली तर सूट आहे. काय बघायचं, काय विचारायचं आणि पैसे भरून टाकायचे का, असं ताईंनी विचारलंय.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. शनिवारी जरूर जा, दोघंही जा, पण त्या दिवशी निम्मी रक्कम भरू नका. माझं भोसरीत बॉडी बिल्डिंगचं काम आहे. आधी रुग्णवाहिका आणि शाळेच्या बस करायचो, आता बरीच वर्षं कॅम्पर व्हॅनच जास्त. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते मला ठाऊक आहे. कारखानदाराला आगाऊ रक्कम लागते हे खरंच आहे. प्लायवूड, बॅटऱ्या, फ्रिज हे सगळं त्याला पैसे मोजून आणावं लागतं. पण लहान कारखान्यात बऱ्याचदा तुमच्या आगाऊ रकमेतून तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाची गाडी पुरी होते आणि तुमची गाडी पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत उभी राहते. महिनाअखेरीची घाई बहुतेक वेळा त्यातूनच येते. ज्याचं काम चांगलं आहे तो तीच सूट पुढच्या महिन्यातही देतो.

शनिवारी तुम्हाला तिथून एक कागद आणायचा आहे, तो म्हणजे तुमच्या गाडीचा वजनाचा तक्ता. लोक जातात तेव्हा सनमायकाचा रंग बघतात, छताच्या कडेच्या दिव्यांच्या पट्ट्या बघतात, टीव्ही केवढा बसेल ते विचारतात. वजन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. आणि पुढे गाडीबद्दल ज्या तक्रारी येतात, म्हणजे घाटात ब्रेक तापतात, मागचे टायर लवकर झिजतात, पाटे बसले, गाडी एका अंगाला कलते, त्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे असतं.

हिशेब साधा आहे. प्रत्येक गाडीला माणसं आणि सामान धरून एकूण वजनाची मर्यादा असते. तिला जीव्हीडब्ल्यू म्हणतात आणि ती आरसीवर लिहिलेली असते. तिच्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते तुमच्या वाट्याचं. समजा तुमच्या मॉडेलमध्ये १,२०० किलो उरले. ऐकायला भरपूर वाटतात. आता मोजा. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट साधारण ३२ ते ३५ किलोची. अशा आठ शीट लागल्या की २७० किलो तिथेच गेले. गाद्या, बिजागऱ्या, ड्रॉवरच्या पट्ट्या, फ्लोअरिंग मिळून ८०. पाण्याची १२० लिटरची टाकी भरली की १२० किलो. एसी ४०. लिथियम बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर ७५. छतावर दोन मोठी सोलर पॅनेल त्यांच्या चौकटीसकट ७५. बाजूला उघडणारी ऑनिंग, म्हणजे सावलीचं कापडी छप्पर, ३०, फ्रिज २५, टॉयलेट १५. इथपर्यंत ७३० किलो झाले आणि गाडीत अजून एकही माणूस चढलेला नाही. तुम्ही दोघं आणि नातवंडं १९० धरा. कपडे, धान्य, भांडी, खुर्च्या, गॅस, हत्यारं, औषधांची पेटी मिळून १२०. एकूण १,०४० किलो. हातात १६० उरले, तेही सगळं ठरल्याप्रमाणे बांधलं गेलं तर. पुढे कुणी म्हणालं की मागे सायकलींचा स्टँड लावू, आणखी एक पाण्याची टाकी घेऊ, टीव्ही मोठा घेऊ, तर तेही संपले.

हे आकडे मी नेहमी लागणाऱ्या सामानावरून मांडलेत. तुमच्या गाडीचे खरे आकडे त्या कारखान्याकडून लेखी घ्या. सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे याच मॉडेलच्या, याच व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) तयार गाडीची वजनकाट्याची पावती, आणि तीही पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची वेगवेगळी. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल ओव्हरलोड असू शकतो. पलंग मागे, बॅटऱ्या पलंगाखाली, पाण्याची टाकीही मागेच, असं केलं की सगळा भार मागच्या चाकांवर आणि त्यांच्याही मागे लोंबणाऱ्या भागावर येतो. तसं झालं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, शक्य तितक्या खाली, आणि एक डावीकडे असेल तर दुसरी उजवीकडे, असं हवं. ड्रॉइंगवर या दोन गोष्टी कुठे आहेत तिथे बोट ठेवून विचारा.

चाकणला ट्रकांची इतकी वर्दळ आहे की वजनकाटा शोधावा लागत नाही. आवारात तयार गाडी उभी असेल तर म्हणा, चला, काट्यावर घालून आणू, फी आम्ही देतो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. या विनंतीवर कारखानदाराचा चेहरा कसा होतो ते नीट बघा. ज्यानं वजनाचा विचार केलाय त्याला ही विनंती आवडते. तो स्वतःहून सांगायला लागतो की आम्ही १८ ऐवजी १२ मिलिमीटरचं प्लाय वापरतो, शीटमागे दहा-बारा किलो वाचतात, जिथे ताकद लागते तिथे ॲल्युमिनियमची चौकट देतो. दुसरा म्हणतो, मॅडम, काही टेन्शन घेऊ नका, ही गाडी सतरा माणसं घेऊन जाते. सतरा माणसं उतरतात. कपाटं उतरत नाहीत, आणि एका ठिकाणी एकवटतात. फ्लॅटच्या किचन ट्रॉल्या करणारे सुतारच गाडीचंही फर्निचर करत असतील तर वजन हमखास वाढतं, कारण त्यांच्या हाताला जाड प्लायची सवय असते.

दुसरा कागद नोंदणीचा. इथे मी थोडं कडक बोलतो, कारण या बाबतीत बरीच माणसं फसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही ज्यामुळे ती आरसीवरच्या, म्हणजे मूळ उत्पादकानं दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलंय. म्हणून सतरा आसनी ट्रॅव्हलर घ्यायची, आधी 'ऑम्नी बस, खासगी वापर' म्हणून नोंदवायची आणि मग सीट काढून आत घर बांधायचं, हा रस्ता धोक्याचा आहे. रोज कुणी अडवणार नाही, पण अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर आरसी आणि गाडी शेजारी ठेवून बघतो.

सरळ रस्ता असा. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी घेतलेल्या कारखानदाराकडे तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र असतं. ही तपासणी करणारी एक मोठी संस्था, एआरएआय, तुमच्या घरापासून जवळच वेताळ टेकडीवर आहे. प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावर तीन गोष्टी वाचा: मूळ गाडीचं मॉडेल, व्हीलबेस आणि आसनसंख्या. तुम्ही ठरवत असलेली गाडी या तिन्हींशी जुळली पाहिजे. तुमच्या आवडीप्रमाणे आतली मांडणी बदलून देतो असं कुणी म्हणालं तर विचारा, बदलल्यावरही ती मंजुरीत बसते का, आणि उत्तर लेखी घ्या. आरसीवर वाहनाचा वर्ग कोणता येणार, नोंदणी एमएच १२ ला होणार की दुसरीकडे, कर किती, हे सगळं कोटेशनवरच लिहून घ्या. 'नोंदणीचं बघून घेऊ' हे वाक्य ऐकलं तर चहा घ्या आणि निघा. परवान्याची काळजी करू नका. साडेसात टनांच्या आतली खासगी गाडी नेहमीच्या कारच्या परवान्यावर चालते आणि ट्रॅव्हलर त्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे.

नातवंडांच्या सीटचा मुद्दा इथेच येतो. चालत्या गाडीत ज्या सीटवर माणूस बसणार तिला पट्टा हवा आणि ती सीट गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं बसवलेली हवी. प्लायवूडच्या पेटीवर गादी टाकून तिला पट्टा स्क्रूनं लावलेला मी पाहिलाय. अचानक ब्रेक लागला तर तो पट्टा पेटीसकट उखडून येईल. सीटच्या खाली वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून बोल्ट कुठे गेलाय ते बघा. डायनेटची, म्हणजे जेवणाच्या टेबलाभोवतीची, आडवी बाकडी फक्त गाडी उभी असताना बसायला. नातवंडं वर्षातून एकदाच येणार असली तरी या दोन सीटवर तडजोड नको.

आता प्रत्यक्ष गाडीत चढा. यासाठी निदान तासभर काढा आणि विक्रेत्याला नम्रपणे बाहेर थांबायला सांगा. चपला काढून दोघंही पलंगावर आडवे व्हा, घरी ज्या बाजूला झोपता त्याच बाजूला. पाच मिनिटं पडून राहा. मग भिंतीकडच्या माणसानं रात्री बाथरूमला जायचंय असं समजून उठावं. ट्रॅव्हलरमध्ये आडवा पलंग टाकला तर उंच माणसाचे पाय दुमडतात, कारण आतली रुंदी तेवढी नसते, आणि भिंतींना इन्सुलेशन लावल्यावर ती आणखी कमी होते. उभा डबल पलंग टाकला तर आतल्या माणसाला दुसऱ्याच्या अंगावरून उतरावं लागतं. यजमानांचे गुडघे दुखत असताना हे रोज रात्री दोनदा करायचं म्हणजे शिक्षा आहे. माझं मत विचाराल तर तुम्हा दोघांसाठी मागे दोन सिंगल पलंग, मधे पायवाट, आणि नातवंडं आली की मधे फळी सरकवून सगळा एकच मोठा पलंग, ही मांडणी सगळ्यात बरी. पलंगाची उंची गुडघ्याच्या वाटीइतकी असावी. खाली सामानाला जास्त जागा मिळावी म्हणून कारखानदार पलंग उंच करतात. तो फायदा तरुण जोडप्याला. तुम्हाला नको.

पायरीही बघा. ट्रॅव्हलरची फरशी जमिनीपासून बरीच वर असते. बाहेर सरकणारी जादा पायरी आणि दाराशी दोन्ही बाजूंना धरायला दांडा, हे ऑर्डरमध्येच लिहा. यजमानांना पाच वेळा चढ-उतार करायला सांगा, त्यातल्या दोनदा हातात पाण्यानं भरलेली बादली देऊन.

ताई, ओट्यासमोर तुम्ही उभ्या राहा. हात कोपरात वाकवून लाटणं धरल्यासारखे धरा. ओटा उंच वाटतो की खाली, ते तिथेच कळतं. वरच्या कपाटाचं दार उघडून बघा, कपाळाला लागतं का. कुकर सिंकमध्ये मावला पाहिजे आणि नळाखाली भरता आला पाहिजे. हे कारखान्यात कुणी तपासत नाही, मग रोज वाटीनं पाणी ओतावं लागतं. घरचा कुकर पिशवीत घालून घेऊन जा, लाजू नका. फोडणीचा वास आणि तेलकटपणा छोट्या जागेत गाद्यांना धरून बसतो. म्हणून ओटा सरकत्या दाराजवळ हवा, खिडकी त्याच्या डोक्यावर हवी आणि बाहेर उघडणारी एक फळी हवी, म्हणजे चांगल्या हवेत शेगडी बाहेर मांडता येते. गॅस घेणार असाल तर सिलिंडरसाठी वेगळा, आतून पूर्ण बंद कप्पा हवा, आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. गॅस डिटेक्टरही जमिनीलगतच लावायचा. छताला लावलेला दिसला तर समजा की बसवणाऱ्याला हे माहीत नव्हतं.

एसीबद्दल विक्रेत्यानं जे सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. एक टनाचा इन्व्हर्टर एसी, गाडी चांगली इन्सुलेट केलेली असेल तर, रात्री सरासरी ५०० ते ६०० वॅट घेतो. आठ तासांचे चार ते पावणेपाच युनिट. १२ व्होल्टची ४०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण पाच युनिट, त्यातले इन्व्हर्टरमधून हाताशी साडेचार येतात. म्हणजे एक रात्र कशीबशी निघते, तीही फ्रिज आणि पंखा वेगळे धरले नाहीत तर. दुसऱ्या दिवशी ती बॅटरी भरायची कशी, हा खरा प्रश्न. छतावर एक किलोवॅटची पॅनेल असतील तर उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी चार युनिटच्या आसपास मिळतील, गाडी उन्हात उभी केली तर. पण उन्हात उभी केली की गाडी तापते आणि एसी जास्त खातो. चालत्या गाडीतून ४० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरनं तासाला अर्धा युनिट. चार तास गाडी चालवली तर दोन. कोकणात आषाढात तर पॅनेलवर भिस्त ठेवूच नका.

म्हणून एसी घ्या, पण तो बाहेरच्या विजेवर चालवायचा असं मनात धरून घ्या. होमस्टे, रिसॉर्ट किंवा ओळखीच्या घराच्या अंगणात १५ अँपिअरचं सॉकेट मिळतं, तिथे तो रात्रभर निवांत चालतो. बाहेरून वीज घेण्याचं सॉकेट, त्याच्यामागे आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि पंचवीस मीटर जाड वायर, हे ऑर्डरमध्ये हवंच. बाकी वेळी छतातला मोठा १२ व्होल्टचा एक्झॉस्ट फॅन आणि जाळीच्या खिडक्या. डोंगरावर, समुद्राकाठी आणि राजस्थानातल्या थंडीत तुम्हाला एसी आठवणारही नाही. एवढं कळल्यावर ४०० ऐवजी २०० अँपिअर-तासांची बॅटरी पुरते का, हा विचार करा. पैसेही वाचतील आणि वजनही. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी मात्र कुणी स्वस्तात देतो म्हणालं तरी घेऊ नका. दीडशे अँपिअर-तासांची एक ५० किलोच्या वर भरते, निम्मीच वापरता येते, त्यात आम्ल असतं आणि चार्ज होताना ती वायू सोडते. झोपायच्या खोलीत ती नको.

वायरिंगसाठी तयार गाडीतलं एक पॅनेल उघडून दाखवायला सांगा. बॅटरीच्या धन टोकापासून हातभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज आहे का? पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबराची कडी आहे का? वायरचं टोक लगमध्ये, म्हणजे धातूच्या टोपीत, नीट दाबलेलं आहे का, की पिळून टेप गुंडाळलीय? या तीन गोष्टी कुणालाही दिसतात, इंजिनिअर असावं लागत नाही. गाडी रस्त्यावर सतत थरथरते. रबर नसलेल्या भोकात पत्र्याची धार रोज थोडी थोडी वायर कापत असते, आणि एके दिवशी कपाटामागून धूर येतो.

कोकणातला पावसाळा म्हणालात, म्हणून इन्सुलेशनवर दोन शब्द. ग्लासवूल स्वस्त असतं आणि घरात चालतं, पण गाडीच्या पत्र्याला आतून दव धरतं, ते ग्लासवूल शोषून घेतं आणि पत्रा आतून गंजतो. बंद पेशींचा फोम हवा, नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई, पत्र्याला घट्ट चिकटवलेला. छताला जितकी भोकं कमी तितकं चांगलं. जी आहेत ती पॉलियुरेथेन सीलंटनं भरलेली हवीत. ताबा घेताना तुमच्यासमोर वीस मिनिटं होजनं छतावर आणि खिडक्यांवर पाणी मारायला सांगा, मग वरच्या कपाटांत आतून कोपऱ्यात हात फिरवा. कपाटांना मागून हवा खेळायला फटी हव्यात, नाहीतर श्रावणात चादरींना बुरशी येते.

टॉयलेटचं सोपं आहे. गाडीखाली मोठी कायमची मैल्याची टाकी घेऊ नका. ती रिकामी करण्याची सोय आपल्याकडे ठिकठिकाणी नाही. कॅसेट टॉयलेट घ्या, म्हणजे बाहेरच्या झडपेतून काढायची वीसेक लिटरची चाकं लावलेली पेटी. ती घरच्या किंवा हॉटेलच्या संडासात रिकामी करता येते. भरल्यावर ती वीस किलोची होते, तेव्हा ती कोण उचलणार ते आजच ठरवा आणि पूर्ण भरू देऊ नका.

टीव्ही, दिव्यांच्या पट्ट्या, स्पीकर, ऑनिंगचा रंग यावर शनिवारी वेळ घालवू नका. हे नंतरही बसवता येतं.

शनिवारच्या आधी मात्र एक काम घरीच करायचं आहे. गाडी उभी कुठे करणार? स्टिल्ट पार्किंगमध्ये ट्रॅव्हलर सहसा शिरत नाही, आणि छतावर पॅनेल नि एसी चढल्यावर तर नाहीच. सोसायटीच्या समितीशी आधी बोला, उघड्या जागेची लेखी परवानगी घ्या आणि तिथे एक चार्जिंग पॉइंट मिळतो का बघा. गेटची आणि वळणाची रुंदी टेपनं मोजा. उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात, त्यामुळे पाइप नि वायरींच्या सगळ्या भोकांना जाळी हवी, हे मी माझ्या प्रत्येक ऑर्डरमध्ये लिहून घेतो. पूर्ण तयार गाडीची उंची मीटरमध्ये लिहून ड्रायव्हरच्या समोर चिकटवा. गावातल्या कमानी, पार्किंगचे आडवे दांडे आणि वडाच्या फांद्या यांना एसी दिसत नाही.

आणि ऑर्डर पक्की करण्यापूर्वी दोन रात्रींसाठी एक कॅम्पर व्हॅन भाड्यानं घ्या. राज्य शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आज पुण्या-मुंबईकडे भाड्यानं गाड्या मिळतात. ताम्हिणीतून माणगावमार्गे दिवेआगरला जाऊन या. घाट आहे, वळणं आहेत, समुद्राची दमट हवा आहे आणि मुक्कामाला अंगणं आहेत. जाताना यजमानांनी चालवावी, येताना तुम्ही थोडी तरी चालवून बघा, कारण प्रवासात एकाला बरं नसलं तर दुसऱ्याला स्टिअरिंग हातात घेता आलं पाहिजे. उतरताना खालच्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. परत आल्यावर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा की काय नडलं आणि काय लागलंच नाही. मग ते कागद शेजारी ठेवून कारखानदाराशी मांडणी ठरवा. त्या भाड्याचे पैसे अनेक पटींनी वसूल होतात.

पैशांचं असं करा. मूळ गाडी अधिकृत डीलरकडून, बिल तुमच्या नावावर आणि रक्कम थेट डीलरला. ती कारखानदाराच्या खात्यातून जाऊ देऊ नका. पूर्ण तयार मॉडेल कारखानदाराच्याच नावानं विकलं जात असेल तर विक्रीची कागदपत्रं कुणाकडून मिळणार ते आधी ठरवा. आतल्या कामासाठी टोकन साधारण दहा टक्के, ड्रॉइंग आणि वजनाचा तक्ता दोघांच्या सहीनं पक्का झाल्यावर. सामान आणायला पुढचा हप्ता, गाडी कारखान्यात पोचल्यावर. त्यानंतरचा हप्ता इन्सुलेशन, वायरिंग आणि पाण्याच्या लाइनी झाल्यावर, पण आतली पॅनेल बंद करण्यापूर्वी. त्या दिवशी स्वतः जा, प्रत्येक भिंतीचे आणि छताचे फोटो काढा. दोन वर्षांनी एखादी वायर शोधायची वेळ आली की हेच फोटो कामी येतात. उशीर झाला तर आठवड्याला किती रक्कम कापायची तेही करारात असू द्या. मूळ कंपनीची वॉरंटी नव्या वायरिंगनंतर कुठल्या भागांवर राहते हे डीलरकडून लेखी घ्या, आणि विमा उतरवताना आतल्या सामानाची किंमत वेगळी जाहीर करा.

शेवटचे पंधरा-वीस टक्के हातात ठेवा. डिलिव्हरीच्या दिवशी पाण्याची टाकी आणि डिझेल पूर्ण भरून, तुम्ही दोघं आत बसून गाडी वजनकाट्यावर घ्या, आधी पुढचा ॲक्सल, मग पूर्ण गाडी. पावतीवरचा आकडा सही केलेल्या तक्त्याच्या आत आला, पाण्याची चाचणी झाली, आरसीवर वर्ग आणि आसनसंख्या बरोबर आली, की उरलेली रक्कम द्या. गाडी वजनात जास्त भरली तर काय काढायचं ते कारखानदारानं त्याच्या खर्चानं काढायचं, हे कलम टोकन देतानाच करारात घालून घ्या. शनिवारी या कलमावर तो काय म्हणतो ते मला कळवा, कोटेशनही पाठवा, मी वाचून सांगतो.